हातात पान, मग मोबाइल

मागच्या अंकात या सदराच्या शेवटी विचारलं होतं, की वनस्पतिशास्त्र इंटरनेटवरून, पदरचा पैसा न घालता शिकायचं तर तुमची अडचण नेमकी काय होते? बऱ्याच जणांनी 'चांगल्या साइट्सची यादी द्या' एवढंच लिहून पाठवलं आहे. यादी मी देणार नाही. यादी मोबाइलमध्ये जपून ठेवली जाते आणि तिथेच राहते, हे कॉलेजात शिकवत होते तेव्हाही पाहिलंय. ज्यांनी खरी अडचण लिहिली, त्यांची पत्रं घेते.

बँकेतून निवृत्त झालो. शिक्षण बी.कॉम. सकाळी गोदाकाठी फिरताना झाडं बघतो. नावं पाठ झाली, पण कळत काही नाही. अगदी पहिल्यापासून आणि शक्यतो मराठीत शिकायचं आहे. कुठून सुरू करू? (एक वाचक, नाशिक)

शाळेच्या पुस्तकांपासून. रागावू नका, खरंच सांगते. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. सातवीच्या सामान्य विज्ञानात 'वनस्पती : रचना व कार्ये' हा धडा आहे, नववीच्या विज्ञानात 'वनस्पतींचे वर्गीकरण' आहे आणि दहावीच्या दुसऱ्या भागात सजीवांतल्या जीवनप्रक्रियांचे दोन धडे आहेत. एवढं आधी वाचा. मोठ्या माणसाला हे धडे एका बैठकीत संपतात, म्हणून तो ते घाईने संपवतो. तसं करू नका. धड्यात फुलाचे भाग आले की अंगणातली एकेरी पाकळ्यांची जास्वंद घ्या (दुहेरी नको, तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात) आणि बाहेरून आत एकेक भाग सोलत जा. हिरव्या निदलपुंजाखाली आणखी एक बारीक हिरवं कडं दिसेल. ते धड्यात नसेल, पण फुलात आहे. मग दलपुंज, मग पुंकेसरांची एकसंध नळी आणि त्या नळीतून वर आलेला, टोकाला पाच फाटे फुटलेला कुक्षीवृंत. तळाचा अंडाशय ब्लेडने आडवा कापा, भिंगातून पाच कप्पे मोजता येतील. भेंडी आडवी चिरल्यावर दिसतात तेच हे, कारण दोन्ही एकाच कुलातली. हे एकदा हाताने केलंत की पुढचं कुठलंही पुस्तक परकं वाटत नाही.

त्यानंतर मराठी विश्वकोश. त्याचे खंड संकेतस्थळावर पूर्ण वाचायला मिळतात, शिवाय नव्या नोंदींसाठी वेगळी ज्ञानमंडळं आहेत. कुमार विश्वकोशातल्या जीवसृष्टीच्या नोंदी तुमच्यासारख्या वाचकाला जास्त मानवतील. जुन्या खंडांमधल्या नोंदी मला फार आवडतात. झाडाचं लाकूड कुठे वापरतात, फुलं कधी येतात, कुठल्या कुलातलं, सगळं चार परिच्छेदांत. मात्र शास्त्रीय नावं त्या त्या वर्षीची आहेत हे लक्षात ठेवा. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

मराठीतला रस्ता पदवीच्या पातळीवर येईपर्यंत अरुंद होत जातो, हे मान्य करायला हवं. तिथून पुढे इंग्रजीला पर्याय नाही, पण तेही फुकट आहे. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं 'बायॉलॉजी टू-ई' हे जाडजूड पुस्तक ऑनलाइन वाचता येतं, उतरवूनही घेता येतं. सगळं वाचू नका. आठवं प्रकरण प्रकाशसंश्लेषणाचं, पंचविसावं आणि सव्विसावं वनस्पतींच्या गटांचं, तीस ते बत्तीस ही रचना, माती-पोषण आणि प्रजनन यांची. बास. एखादा शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, मराठी प्रतिशब्द तिथे बघा.

आणि यूट्यूबवरच्या परीक्षेच्या तासांना तूर्त हात लावू नका. तिथे प्रकाशसंश्लेषण 'नीटला हमखास येणारा प्रश्न' म्हणून भेटतं. तुम्हाला कुठली नीट द्यायचीय!

मॅडम, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रुईचं कुल आम्ही अ‍ॅस्क्लेपिएडेसी लिहितो, नेटवर ती अ‍ॅपोसायनेसीत दाखवतात. बाभळीचं नाव पुस्तकात अकेशिया निलोटिका, नेटवर व्हॅचेलिया निलोटिका. कोणाचं खरं धरू? (एक विद्यार्थिनी, चिपळूण)

दोन्ही ठिकाणी बरोबरच लिहिलंय, फक्त वेगवेगळ्या पद्धतींनी. तुझ्या अभ्यासक्रमात बेंथॅम आणि हूकर यांची वर्गीकरण पद्धत आहे. त्यांचं 'जेनेरा प्लँटारम' 1862 ते 1883 या काळात निघालं. डोळ्यांना आणि भिंगाला दिसणाऱ्या लक्षणांवर ते उभं आहे. आपल्याकडच्या जुन्या हर्बेरियममधली (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली) कपाटं त्याच क्रमाने लावलेली असतात, म्हणून ते शिकणं वाया जात नाही. नेटवर दिसते ती एपीजी, म्हणजे 'अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप' या संशोधकांच्या गटाची पद्धत. तिची पहिली आवृत्ती 1998 ची, चौथी 2016 ची. ती डीएनएवरून ठरवलेल्या नात्यांवर चालते. रुईचं अख्खं कुल त्या हिशोबात करवंद-कण्हेरीच्या कुलाच्या पोटातच निघालं, म्हणून वेगळं राहिलं नाही. साग आणि निर्गुडी हे व्हर्बिनेसीतून उठून तुळशीच्या लॅमिएसीत गेले. काटेसावर बॉम्बॅकेसी सोडून जास्वंदीच्या माल्व्हेसीत आली. परीक्षेत सर विचारतील ती पद्धत लिही आणि कंसात एपीजीचं कुल लिहून ठेव. कोणी मार्क कापणार नाही, उलट तोंडी परीक्षेत बोलायला विषय मिळेल.

बाभळीची गोष्ट मात्र कुलाची नाही, नावाच्या कायद्याची आहे, आणि मला ती सांगायला आवडते. अकेशिया ही प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) अवाढव्य होती, हजाराहून जास्त जाती, त्यांतल्या बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. ती एकाच घराण्याची नाही हे कळल्यावर तिचे तुकडे पडले. मग प्रश्न आला की मूळ नाव कोणत्या तुकड्याकडे जाणार? नियमाने ते प्रमाण जातीबरोबर, म्हणजे ज्या जातीला ते नाव बांधलेलं असतं तिच्याबरोबर जातं, आणि प्रमाण जात होती आपली बाभूळ. पण मग ऑस्ट्रेलियातल्या शेकडो जातींची नावं बदलावी लागली असती. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत प्रमाण जातच बदलली आणि ऑस्ट्रेलियातली एक जात तिथे बसवली. बरीच भांडणं झाली. 2011 मध्ये मेलबर्नच्या परिषदेत निर्णय कायम राहिला. परिणाम बघ: आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगॅलिया झाला, आणि रस्त्याकडेला लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणून आपल्या जागी राहिली.

असा गोंधळ झाला की एकाच ठिकाणी जायचं: लंडनच्या क्यू उद्यानाचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'. जुनं नाव टाक, ते सध्याच्या मान्य नावाकडे नेऊन सोडतं आणि खाली सगळी समानार्थी नावं दाखवतं. सोबत नकाशा असतो. हिरवा रंग म्हणजे मूळची, जांभळा म्हणजे बाहेरून आलेली. घाणेरीचं पान उघडून बघ, भारत जांभळा दिसेल. गुलमोहराला मादागास्कर हिरवा आणि आपण जांभळे. ही साइट ओळख पटवायला उपयोगाची नाही. नाव आधी हातात असेल तर त्या नावाचं काय झालं, एवढंच ती सांगते, आणि ते चोख सांगते.

तू छेदांबद्दलही विचारलं आहेस. मक्याच्या आणि सूर्यफुलाच्या खोडाचे आडवे छेद कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसत नसतील तर लिब्रेटेक्स्ट्सवर वनस्पतिशास्त्राचा छायाचित्रांचा अ‍ॅटलस आहे. त्यात भागांवर नावं घातलेले फोटो मिळतात. पण आधी आपला छेद काढ, त्याची पेन्सिलीने आकृती काढ, मग अ‍ॅटलस उघड. उलट क्रमाने केलंस तर तू अ‍ॅटलसची आकृती काढशील आणि सरांना ते लगेच कळतं. मलाही कळायचं. आपल्या सॅफ्रॅनिनने रंगवलेल्या छेदात बुडबुडे असतात, पुस्तकात नसतात.

आणखी एक: इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर बी.एस्सी.चं वनस्पतिशास्त्र घटकवार उतरवून घेता येतं. ज्याला शिक्षक भेटत नाही त्याच्यासाठी लिहिलेलं असल्यामुळे मध्येमध्ये प्रश्न आणि शेवटी उत्तरं आहेत. गाइडवर पैसे घालण्यापेक्षा ते छापून घे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलांना परिसरातल्या वनस्पतींची नोंद करायला लावली. मोबाइल अ‍ॅप एकाच झाडाला सकाळी एक नाव देतं, दुपारी दुसरं. मुलं हसतात. काय करू? (एक शिक्षक, जव्हार)

मुलं हसतात हे चांगलं लक्षण आहे, त्यांना झाड ओळखीचं आहे.

सर, अ‍ॅप फोटो बघतं, झाड नाही बघत. लाखो फोटोंवर त्याला शिकवलेलं असतं आणि ज्या झाडांचे फोटो जास्त, तिकडे ते झुकतं. बागेतली, शहरातली, युरोपातली झाडं त्याला पाठ. तुमच्या डोंगरउतारावरच्या, फुलं नसलेल्या झुडपाचा नुसत्या हिरव्या पानाचा फोटो दिला की ते अंदाज करतं, आणि अंदाज प्रकाशाप्रमाणे बदलतो. म्हणून एका फोटोवर सोडू नका. पानाची वरची आणि खालची बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दिसेल असा फोटो, देठाच्या तळाशी उपपर्ण (बारीक पानासारखा भाग) आहे का ती जागा, फूल समोरून आणि बाजूने, फळ असेल तर फळ, खोडाची साल, आणि थोडं लांबून अख्खं झाड. पान चुरगळल्यावर वास येतो का, देठ मोडल्यावर चीक येतो का, हे फोटोत येत नाही, ते मुलांनी वहीत लिहायचं. स्थानिक नाव तर सगळ्यात आधी लिहायचं, आजीला विचारून. वारली, कोकणा, महादेव कोळी घरांतून येणारी नावं एकाच झाडाला वेगवेगळी असतील तर सगळी लिहा.

मग ही नोंद आयनॅचरलिस्टवर टाका. खातं तुमच्या नावाचं काढा, तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःहून खातं काढता येत नाही. मुलांच्या हातात द्यायचं असेल तर त्याच मंडळींचं 'सीक' नावाचं अ‍ॅप आहे, त्याला नोंदणीच लागत नाही. आयनॅचरलिस्टचा खरा फायदा अ‍ॅपच्या अंदाजात नाही, माणसांत आहे. तुमच्या नोंदीवर दुसरे जाणकार येऊन मत देतात. दोन तृतीयांशांहून जास्त मतं एका नावावर जुळली, तारीख-ठिकाण असलं आणि वनस्पती आपसूक उगवलेली असली, तर ती नोंद संशोधनयोग्य ठरते आणि पुढे जगभरच्या जैवविविधतेच्या साठ्यात जाते. शाळेच्या बागेतला गुलाब टाकताना 'लावलेलं' अशी खूण करायला विसरू नका, नाहीतर जव्हारच्या रानात गुलाब उगवतात असं कुठेतरी नोंदलं जाईल.

फक्त भारतातल्या वनस्पतींसाठी 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' आणि 'ई-फ्लोरा ऑफ इंडिया' आहेत. दुसऱ्या ठिकाणी आपल्याकडच्या जातींचे फोटो आणि त्यांवर जाणत्यांनी घातलेला वाद दोन्ही वाचायला मिळतं. नावापर्यंत माणसं कशी पोचतात, कोण केसांवरून हरकत घेतं, कोण फळ आणून दाखवायला सांगतं, हे शिकायचं असेल तर ते वाद वाचावेत. मी अजूनही वाचते, कधीकधी जेवण करपेपर्यंत.

एक गोष्ट पाळा. कंदीलपुष्पाच्या जाती किंवा दुर्मीळ आमरी (ऑर्किड) दिसल्या तर नेमकं ठिकाण झाकून ठेवा. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या काही जातींचं ठिकाण आपण होऊन धूसर करतं, पण सगळ्यांचं नाही. तुम्ही स्वतः 'धूसर' निवडू शकता. कंद उकरून नेणारी माणसंही इंटरनेट वापरतात.

'पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो' असे बरेच व्हिडिओ बघितले. एकात तर 'नासाने सिद्ध केलं' म्हणाले. खरं का? (एक वाचक, लातूर)

नाही. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन येतो तो पाण्याचं विघटन होऊन, आणि त्याला उजेड लागतो. रात्री पिंपळ तुमच्या-माझ्यासारखा श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन वापरतो.

या समजुतीमागे एक खरी गोष्ट वाकडी होऊन बसली आहे. निवडुंग, अननस, पानफुटी अशा काही वनस्पती दिवसा पाणी उडू नये म्हणून पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रं मिटून, उजेडात, तोच वापरतात. म्हणजे रात्री घेतात तो कार्बन डायऑक्साइड. रात्री ऑक्सिजन सोडत मात्र नाहीत. पिंपळ दुसऱ्या झाडावर उगवलेला असताना असं काही करतो का याबद्दल वाचायला मिळेल, पण करत असला तरी रात्रीच्या ऑक्सिजनचं उत्तर बदलत नाही.

पानफुटीवर घरी बघता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाला भारतात असताना दिसलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. त्याने ते लंडनच्या लिनीयन सोसायटीला कळवलं. तुम्ही चाखू नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. पहाटे आणि उन्हं कलताना एकेक पान ठेचून रसाला पीएचचा कागद लावा.

व्हिडिओची परीक्षा सोपी आहे. सांगणारा 'कशामुळे' सांगतो का बघा. नासाचं नाव घेऊन 'कशामुळे' टाळत असेल तर पुढचा व्हिडिओ लावा.

आम्ही मूळचे कुडाळचे, आता न्यू जर्सीला. कोकणातल्या झाडांवरची जुनी पुस्तकं इथे बसून वाचता येतील का? विकत घ्यायला गेलो तर किमती डोळे पांढरे करतात. (एक वाचक)

सगळी वाचता येतील, आणि तेही मूळ पानं बघत. 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या नावाने जगातल्या मोठ्या निसर्गविज्ञान ग्रंथालयांनी मिळून 2006 पासून जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली केली आहेत. तुम्ही पहिल्यांदा थिओडोर कुकचं 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' उघडा. कुक मूळचा इंजिनियर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य. निवृत्त झाल्यावर क्यूला बसून त्याने हे लिहिलं, 1901 ते 1908 या काळात ते निघालं. आजही सह्याद्रीत काम करणारा माणूस ते हाताशी ठेवतो. प्रत्येक जातीखाली आधी कोकण, मग दख्खन, अशी ठिकाणं येतात, पुढे नमुना गोळा करणाऱ्याचं नाव आणि कधी त्यापुढे उद्गारचिन्ह. ते चिन्ह आश्चर्याचं नाही. नमुना स्वतः बघितला आहे, अशी ती खूण. खाली मराठी नावं रोमन लिपीत दिलेली असतात. मोठ्याने वाचा, कुडाळच्या उच्चाराशी जुळतात का बघा.

दुसरं म्हणजे 'होर्तुस मलबारिकुस'. कोचीचा डच अधिकारी व्हान र्‍हेडे याने करवून घेतलेले बारा खंड, 1678 ते 1693 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेले. मजकूर लॅटिन, पण चित्रं बघायला भाषा लागत नाही. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला थांबा. माहिती पुरवणाऱ्यांची प्रमाणपत्रं तिथे छापली आहेत. मुख्य माहितगार इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य. त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोकणी वैद्यकपंडित. या तिघांचं निवेदन कोकणीत, नागरी अक्षरांत आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये छापलेली नागरी! आमच्या वर्गात हे पान पडद्यावर दाखवलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन अक्षरं लावायची.

नव्या पुस्तकांचं मात्र असं नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1996 ते 2001 या काळात महाराष्ट्राच्या वनस्पतींवर काढलेले खंड कुकनंतरच्या कामासाठी लागतातच. आधी सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर शोधा. नाही मिळाले तर पुढच्या वेळी इकडे याल तेव्हा पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या ग्रंथालयात विचारा.

'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा वनस्पतिशास्त्राचा कोर्स खरंच फुकट आहे का? प्रमाणपत्र चालतं का? (दोघातिघांनी विचारलं आहे)

शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. वर्षातून जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत नावनोंदणी असते. श्रेयांकांत धरणार का, हे कॉलेजवर अवलंबून आहे. नाव नोंदवण्याआधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पावसाळ्यात रानभाज्या ओळखायला कुठलं अ‍ॅप चांगलं? (एक गृहिणी, बदलापूर)

कुठलंही नाही. अ‍ॅप बरोबर नाव सांगेल असं धरलं, तरी कुठला भाग, कोवळा कधीपर्यंत आणि शिजवायचा कसा, हे ते सांगत नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो. बाजारात शेवळं विकणारी बाई म्हणूनच सोबत काकडाची आंबट फळं देते. कळलावीच्या पानाचं टोक ताणासारखं गुंडाळलेलं असतं म्हणून मोठं झाड ओळखू येतं, पण नुकत्या वर आलेल्या कोंभावर ते दिसेलच असं नाही, आणि तिच्यातलं कोल्चिसिन जिवावर बेततं. त्यामुळे भाजी विकणाऱ्या बाईकडूनच घ्या, कशी करायची तेही तिलाच विचारा. मग घरी आणलेल्या जुडीतली एक काडी बाजूला काढून तिचं शास्त्रीय नाव खुशाल नेटवर शोधत बसा.